मदत हवी आहे: अम्मासाठी वायरवालं व्हेपोरायझर, ओवा-तुळस कोरडी तापवणारं घेऊ की पाण्याच्या वाफेचं?

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. सोलापुरातून लिहितोय. माझ्या आईसाठी (घरात आम्ही अम्मा म्हणतो) वाफ घ्यायचं मशीन घ्यायचंय आणि बघेल तितका गोंधळ वाढायलाय.

अम्मा साठीच्या पुढची आहे. आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि दिवसभर मान त्याच्यावर वाकलेली. आता वळणं बंद आहे, पण नाक कायम चोंदलेलं आणि सकाळी उठल्यावर घशात कफ. थंडी पडून गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत धूळ उडायला लागली की आणखी वाढतं. डॉक्टरांना दाखवलंय. एक्स-रे ठीक आहे, सायनसचा त्रास म्हणाले, नाकात मारायचा स्प्रे दिलाय आणि वाफ घेत जा म्हणाले. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

वाफ ती पातेल्यावर घेते. गॅसवरनं उकळतं पातेलं खाली उतरवायचं, पाटावर ठेवायचं, डोक्यावरनं चादर. चादर म्हणजे आपली सोलापुरी, जाड. आत तिला काही दिसत नाही आणि बाहेर आम्हाला ती दिसत नाही. घरात लहान पोरंही पळत असतात. हे बंद करायचंय.

पुण्याच्या मावसभावानं एक लिंक पाठवली. ‘ड्राय हर्ब व्हेपोरायझर’, हातात मावतं, बॅटरी नाही, थेट प्लगला लावायचं. पाणी लागतच नाही. छोट्या कप्प्यात सुकी पानं चुरून भरायची, 160 ते 220 अंशांच्या मधे तापमान ठेवायचं आणि तोटीतनं ओढायचं. पान जळत नाही, त्यामुळं धूर नाही, नुसता अर्क येतो म्हणे. तो म्हणतो ओवा, तुळस, अडुळसा घालून दे. विकणारा परदेशातला आहे आणि मेडिकलमधल्या साध्या मशीनच्या मानानं किंमत डोळे फिरवणारी.

कुणी वापरलंय का? आणि ते नको असेल तर पाण्याच्या वाफेचं, वायरवालं, हातात धरता येईल असं कुठलं बघावं? मेडिकलवाल्यानं दोन दाखवली, दोन्ही प्लॅस्टिकची, दोन्हींत फरक काय ते त्यालाही सांगता येईना.

सात_रस्ता
भावाला विचार बे, लिंकच्या खाली लोकांनी काय काय घालून वापरलंय ते वाचलास का म्हणावं. ओवा घालणारा त्यात एक पण सापडायचा नाही. ते गांजावाल्यांचं यंत्र आहे.

पूर्वभागकर
वाचलं आत्ता. खरंय. पण वस्तू म्हणून ओव्याला चालेल की नाही, एवढंच विचारायलोय.

वकिली_नको_पण
चालण्याच्या आधी ते घरी येईल का ते बघा. 2019 साली केंद्रानं इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदीचा कायदा केला. सप्टेंबरात अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा. नाव सिगारेटचं असलं तरी व्याख्या मोठी आहे: एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफारा तयार करणारं विजेचं उपकरण, मग त्यात निकोटीन असो वा नसो. न जाळता नुसतं तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्का त्यात नाव घेऊन घातलेत. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीला वेगळी शिक्षा आहे. स्वतः ओढणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, पण परदेशातनं मागवलं म्हणजे आयात झाली. कस्टममध्ये ‘अम्मासाठी ओवा’ हे कुणाला पटवत बसणार?

मेडिकलमधली पाण्याची मशीनं उघड विकली जातात, त्याची काळजी करू नका.

लूमवाला
मी मागावरचा माणूस, मशीन समोर आलं की आधी वायर बघतो. तुम्ही म्हणताय ती दोन मशीनं दिसायला सारखी असली तरी आतनं वेगळी असू शकतात आणि खरी निवड तिथंच आहे.

पहिल्या जातीत पाण्यात दोन पट्ट्या बुडलेल्या असतात. कॉइल वगैरे काही नाही. वीज एका पट्टीतनं पाण्यातनं दुसऱ्या पट्टीत जाते आणि पाणीच तापतं. स्वस्त असतं, लवकर वाफ देतं आणि पाणी पट्ट्यांच्या खाली गेलं की आपोआप थंड पडतं, त्यामुळं जळत नाही. पण त्यातलं पाणी चालू असताना जिवंत वायरीसारखंच समजायचं. झाकण उघडून बोट घातलं, चमचा घातला, वरनं पाणी ओतलं, तर झटका. प्लग बहुतेक दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगही नाही. असल्या मशीनबरोबरच्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की वाफ कमी आली तर चिमूटभर मीठ घाला. ते वाचलं की समजायचं, पट्टीचं आहे.

आता सोलापूरचा भाग. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, साठवून ठेवावं लागतं, आणि वर्षाचा बराच काळ बोअरच्या पाण्यावर जातो. बोअरचं पाणी जड. क्षार जास्त म्हणजे वीज जास्त वाहते. पट्टीच्या मशीनमध्ये हे पाणी घातलं की ते नुसती वाफ देत नाही, उकळतं पाणी तोंडाकडे थुंकतं. त्यात कुणी कागद वाचून मीठ घातलं की फ्यूज गेलाच. उलट आरओचं पाणी घाला, पाच मिनिटं बसला तरी धड वाफ नाही, कारण क्षारच नाहीत. लोक मशीन बिघडलं म्हणून परत द्यायला जातात. बिघडलेलं नसतं.

दुसऱ्या जातीत पाणी धातूच्या वाटीत असतं आणि तापणारी तबकडी वाटीच्या खाली, पाण्याचा विजेशी संबंध नाही. वाफ यायला जरा वेळ लागतो, किंमत थोडी जास्त. यात पाणी संपल्यावर स्वतः बंद पडण्याची सोय आहे का, एवढं विचारून घ्या. नसेल तर वाटी जळते. म्हाताऱ्या माणसाला मी हेच देईन.

ओळखायचं कसं? दुकानात झाकण काढून आत बघा. तळाशी अरुंद नळीत दोन पट्ट्या किंवा काड्या दिसल्या की पहिलं. साधी सपाट वाटी दिसली की दुसरं.

आणि वायर. ‘हातात धरायचं’ म्हणताय, पण या मशीनची वायर बहुधा आखूड येते. मग लोक एक्स्टेंशन लावतात, ती दारातनं जाते, पोरं अडकतात. प्लगजवळ टेबल-खुर्ची नेणं सोपं. लेबलवर वॅट बघा. 400 वॅट असलं तरी 230 व्होल्टवर दोन अँपिअरही होत नाहीत, घरातल्या साध्या सॉकेटवर चालतं. मोबाईल चार्जरच्या कोपऱ्यातलं ढिलं सॉकेट मात्र नको.

पूर्वभागकर
लूमवाला दादा, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. उद्या जाऊन झाकण उघडून बघतो. मग ओवा, तुळस त्या पाण्यातच घालायची का?

लूमवाला
पट्टीच्या मशीनमध्ये पाण्याशिवाय काही नाही. पान पट्टीत अडकतं, तिथं करपतं. वाटीच्या मशीनमध्ये चालेल, पण ओवा तळाला चिकटतो, रोज घासावं लागेल.

हुरडा_स्पेशल
अहो, कोरडं तापवून वास घ्यायचं यंत्र आपल्या घरात आहेच की! तव्यावर ओवा कोरडाच गरम करायचा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हुंगायची. आमच्या घरात बाळंतिणीपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना हेच. ओढायचं नाही, नुसतं नाकाजवळ धरायचं. आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं, चटका बसत नाही ना. शुगरवाल्या माणसाला कधीकधी चटका कळत नाही, म्हणून ते तुम्हीच बघा, त्यांच्यावर सोडू नका.

कानघसा
कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. अम्मांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी त्या कोरड्या यंत्राबद्दल. ओव्याचा वास म्हणजे मुख्यतः थायमॉल. तो पाण्याच्या वाफेबरोबर 100 अंशाच्या आतच वर येतो, त्यासाठी 200 अंशांची गरज नाही. 200 अंशाला पानातलं बाकीचंही सुटायला लागतं, त्यावर कुणी काय फवारलंय ते धरून. आणि ते तोटीतून खोल ओढायचं असतं, म्हणजे थेट फुप्फुसात. त्रास नाकाचा, उपाय फुप्फुसात कशाला? इतकी वर्षं तंबाखूची भुकटी श्वासात गेलेल्या बाईला तर मुळीच नको.

आता साधी वाफ. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. सर्दीत गरम दमट हवेचा उपयोग होतो का, यावरचे अभ्यास कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) हिच्या आढाव्यात एकत्र तपासले गेले, ठोस फायदा दिसला नाही. तरी रुग्णांना बरं वाटतं, कफ सैल झाल्यासारखा वाटतो, आणि नीट घेतली तर नुकसान नाही, म्हणून मी अडवत नाही. मात्र भाजण्याचे प्रकार खरे आहेत. पातेलं बंद करताय, उत्तम.

हातात धरून घेऊ नये. वय, शुगर, जरा हात हलला की उकळतं पाणी मांडीवर. मशीन टेबलावर ठेवा, चेहरा वीतभर लांब, पाच-सात मिनिटं, डोळे मिटून. वर चादर नको, टॉवेलही नको. बरोबर येणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट लावू नका.

निलगिरी तेल, कापूर, मेंथॉलच्या कॅप्सूल मशीनमध्ये घालू नका. मेंथॉलनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात वाट रुंद होत नाही, थंडाव्याची जाणीव तेवढी होते. दमेकऱ्याला यातल्या उग्र वासांनी धाप लागू शकते. तुम्ही लहान पोरं म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो: कापूर आणि निलगिरी तेल पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बाटली वरच्या फळीवर.

सात_रस्ता
डॉक्टरसाहेब, मग नेब्युलायझरच का नको? आमच्या शेजारी आहे, तोही वायरवालाच.

कानघसा
ते वेगळं काम. नेब्युलायझर औषधाचं बारीक थंड धुकं करून फुप्फुसात पोचवतो, दमा किंवा तशा आजारात, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानं. त्यात नळाचं पाणी, तुळशीचा काढा, तेल यातलं काहीही घालायचं नाही. तेल फुप्फुसात उतरलं तर त्याचा न्यूमोनिया होतो.

अम्मांच्या नाकासाठी वाफेपेक्षा मिठाच्या पाण्यानं नाक धुणं जास्त उपयोगी पडेल असं माझं मत. उकळून कोमट केलेलं पाणी, पाव लिटरला चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याहून जरा कमी मीठ. साठवलेलं पाणी न उकळता नाकात कधीच नाही. स्प्रे नाक धुतल्यानंतर मारायचा, तोही तुमच्या डॉक्टरांनी सांगितलाय तसाच. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला, कफात रक्त दिसलं, वजन उतरलं, तर एक्स-रे जुना झाला असं समजून क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात फुकट होते. विडीच्या घरांत हे मी जास्त ठासून सांगतो.

अक्कलकोट_रोड
अवांतर: घरात अजून कुणी विड्या वळतं का? वळत असेल तर सूप दाराजवळ घेऊन, वारा पाठीकडनं येईल असं बसायला सांगा, आणि खोली कोरड्या झाडूनं झाडू नका, ओलं फडकं मारा. आमच्या मावशीला मशीनपेक्षा त्यानं फरक पडला.

पूर्वभागकर
वहिनी वळतात, त्याच खोलीत. हे डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून त्यांची जागा ओसरीत.

पूर्वभागकर
अपडेट देतो. भावाला नाही म्हणून कळवलं. तो जरा फुगलाय, येईल ताळ्यावर. सिव्हिलजवळच्या मेडिकलांत फिरलो. पहिल्या दोन दुकानांत फक्त पट्टीची, तिसऱ्यात वाटीचं मिळालं, पाणी संपल्यावर बंद पडतं. दुकानात पाणी घालून संपेपर्यंत चालू ठेवून दाखवा म्हटलं. कुरकुरला, पण दाखवलं. अम्मा टेबलावर घेते. पातेल्याची मजा नाही म्हणते, चादर पाहिजे म्हणते. ते चालू द्या. पुरचुंडी मात्र तिला एकदम पसंत. नाक धुणं अजून जमत नाही, ठसका लागतो.

एक शंका: वाटीच्या तळाला पांढरा थर धरायला लागलाय. मशीन खराब निघालं का?

लूमवाला
बोअरचं पाणी घातलंत ना? क्षार आहेत. प्लग काढून मशीन पूर्ण गार होऊ द्या, वाटीत पाणी आणि लिंबाचा रस किंवा चिमूटभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवा, ओतून द्या, दोनदा विसळा. तारेच्या घासणीनं खरवडू नका, वाटीचा वरचा लेप निघतो. आणि मशीन उलटं करून नळाखाली धरू नका, तबकडी खालीच आहे. तुमच्या मशीनला आरओचं पाणी चालतं, तेच घाला, थर धरायचाच नाही.

कानघसा
ठसका लागतो म्हणजे मान मागे टाकून धुतायत. पुढे वाकून, मान बाजूला कलती, तोंड उघडं ठेवून श्वास तोंडानं. वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं, खालच्यातून आपोआप येईल. झाल्यावर नाक जोरात शिंकरायचं नाही, हळू.