सीएसव्ही मायएसक्यूएलमध्ये चढवताना १२९२ एरर

प्रश्न: एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) काढून मायएसक्यूएल या डेटाबेसच्या 'लोड डेटा' कमांडने टेबलात भरतोय. पहिल्याच ओळीला १२९२ क्रमांकाचा एरर येतो, तारीख २५/०३/२०२४ चुकीची म्हणून. कमांडमध्ये 'इग्नोर' (एररला न थांबता पुढे जा) लावलं तर ओळी आत जातात, पण तारखांच्या जागी सगळी शून्यं. मोबाइल नंबरही ९.१९८७७ई+११ असे दिसतात.

उत्तर १: 'इग्नोर' आधी काढा. तो एररची वॉर्निंग करतो आणि खराब डेटा आत घेतो. मायएसक्यूएलला वर्ष-महिना-दिवस असाच क्रम लागतो. तारखेचा रकाना थेट न भरता @ लावलेल्या व्हेरिएबलमध्ये (तात्पुरत्या नावात) घ्या आणि त्याच कमांडच्या 'सेट' भागात 'स्ट्र टू डेट' फंक्शनने दिवस/महिना/वर्ष हा साचा देऊन बदला. तारखेऐवजी ४५००० सारखा आकडा आला, तर तो एक्सेलचा तारखेसाठीचा अनुक्रमांक असतो (४५००० म्हणजे १५ मार्च २०२३). तिथे हा साचा चालणार नाही, आधी सेलचं फॉरमॅट तारखेचं करा.

उत्तर २: मोबाइल नंबरांचं नुकसान सीएसव्ही बनतानाच झालंय, कारण सेलमध्ये जे दिसतं तेच फाइलमध्ये उतरतं. ही सीएसव्ही दुरुस्त होणार नाही. मूळ एक्सेल फाइलमध्ये रकान्याचं फॉरमॅट 'नंबर', दशांश ० करा आणि पुन्हा सेव्ह करा. टेबलात मात्र तो रकाना व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) असाच ठेवा.

उत्तर १: हो, हे महत्त्वाचं. शिवाय विंडोजवरची फाइल असेल तर कमांडमध्ये ओळीचा शेवट \आर\एन (विंडोजची ओळ संपल्याची खूण, इंग्रजीत \r\n) सांगा, नाहीतर शेवटच्या रकान्याला न दिसणारं अक्षर चिकटतं आणि तुलना जुळत नाही.