अज्ञात धातूचे अणुवस्तुमान उणे आले, चूक कुठे झाली?

प्रश्न (अकरावी विज्ञान):
उदाहरण असे आहे. एका धातूच्या निर्जल क्लोराइडात धातूच्या एका अणूमागे क्लोरीनचे दोन अणू आहेत. त्याचे १.११ ग्रॅम पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट जास्त प्रमाणात घातले, तेव्हा सिल्व्हर क्लोराइडचा २.८७ ग्रॅम साका मिळाला. तर धातू ओळखा. २.८७ ला सिल्व्हर क्लोराइडच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे १४३.५ ने, भागून ०.०२ मोल आले. मग १.११ ला ०.०२ ने भागून ५५.५ मिळवले आणि त्यातून क्लोरीनचे ७१ वजा केले, तर उणे १५.५ उरतात. आकडेमोड तीनदा तपासली आहे.

प्रतिसाद (निवृत्त शिक्षिका):
आकडेमोड बरोबरच आहे. मोल कोणाचे, हे चुकले. ०.०२ मोल साक्याचे आहेत, क्षाराचे नव्हेत. क्षाराच्या प्रत्येक मोलमधून दोन मोल क्लोराइड आयन सुटतात आणि त्यांपासून दोन मोल साका बनतो, म्हणून क्षार ०.०१ मोल होता. त्याचे मोलर वस्तुमान १११. ७१ वजा जाता ४० उरतात, म्हणजे कॅल्शियम. वजा करताना तुम्ही क्लोरीन दोन धरलेत आणि भागताना एकच! वहीत नुसते ‘मोल’ न लिहिता ‘साक्याचे मोल’ असे लिहीत जा.

प्रश्नकर्ता:
समजले, आभारी आहे. पण सूत्र दिलेच नसते तर?

प्रतिसाद (प्रयोगशाळेतला):
तर वजनांवरून केवळ सममूल्यभार मिळतो. ०.०२ मोल क्लोरीनचे ०.७१ ग्रॅम वजा जाता धातू ०.४० ग्रॅम उरतो, म्हणजे क्लोरीनच्या एका मोलमागे २० ग्रॅम. संयुजा १ धरली तर अणुवस्तुमान २०, २ धरली तर ४०, ३ धरली तर ६०. यांपैकी २० किंवा ६० चा धातू आवर्तसारणीत नाही (६० च्या सर्वांत जवळचा कोबाल्टही ५८.९ वर थांबतो), म्हणून कॅल्शियमच उरतो. दुसरा आधार १८१९ मधील ड्यूलाँग-पेटी नियमाचा: घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्मा गुणिले अणुवस्तुमान म्हणजे अंदाजे २५ जूल प्रतिमोल प्रतिकेल्विन. कॅल्शियमची विशिष्ट उष्मा सुमारे ०.६५ जूल प्रतिग्रॅम प्रतिकेल्विन आहे, २५ ला तिने भागून ३८ च्या आसपास येते, म्हणजे संयुजा २.

इंडियम या धातूच्या बाबतीत हीच अडचण प्रत्यक्षात आली होती. संयुजा २ मानून त्याचे अणुवस्तुमान ७५.६ धरले जाई. परंतु आर्सेनिक आणि सेलेनियम यांच्यामध्ये रिकामे घरच नसल्याने मेंडेलीव्हने संयुजा ३ धरून ते ११३ च्या आसपास नेले. बुन्सेनने १८७० मध्ये मोजलेली विशिष्ट उष्माही त्याच बाजूने होती. आजचा आकडा ११४.८ आहे.