सौदा निघाला की साइट बसते. मायएसक्यूएल आणि रेडिसचं काय करावं?

आडतीवरचा (लातूर)
मोंढ्यात आडतीच्या मागच्या खोलीत ४ जीबी रॅमची मशीन आहे. तिच्यावरच पीएचपी (पानं तयार करणारं), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) आणि रेडिस (पटकन लागणारा डेटा रॅममध्ये ठेवणारं). शेतकरी सोयाबीन-तुरीचे भाव बघतात, खाली प्रश्न विचारतात. एरवी ठीक. दसऱ्यानंतर आवक वाढली की सौदा निघताना सगळे एकदमच पान उघडतात आणि 'टू मेनी कनेक्शन्स' येतं. एकानं क्वेरी कॅशची (एकदा काढलेली उत्तरं साठवून ठेवायची सोय) ओळ सेटिंगमध्ये टाकायला सांगितली, तर मायएसक्यूएल चालूच होईना. मॅक्स कनेक्शन्स (डेटाबेसला एका वेळी किती जोडण्या चालतील ती मर्यादा) १५१ चे ५०० करू का?

उदगीरचा बाबू
नको दादा. क्वेरी कॅश ८.० मधून काढूनच टाकलंय, ती ओळ खोडा. आणि ५०० कनेक्शन म्हणजे काटा एकच, दारात गाड्या मात्र वाढवायच्या. प्रत्येक कनेक्शन आपली वेगळी मेमरी खातं. रॅम संपून मशीन स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्कवर) गेली की मग बघायलाच नको. पीएचपीचे मॅक्स चिल्ड्रेन (एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मर्यादा) २५-३० वर आणा.

बफर पूल (मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये ठेवतं ती जागा) मुळात १२८ एमबीच असतो, १ जीबी करा. रॅमच्या ७०-८० टक्के द्या म्हणतात ते नुसता डेटाबेस असलेल्या मशीनसाठी.

खरं दुखणं मला क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) वाटतंय. स्लो क्वेरी लॉग चालू करा, त्याची मर्यादा १० सेकंदांवरून १ वर आणा. जी सापडेल तिला एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी आज्ञा) लावा. टाइपच्या रकान्यात 'ऑल' आलं तर अख्खं टेबल वाचतंय.

परळीकर
रेडिसमध्ये ठेवलेल्या भावाची मुदत संपली की त्या क्षणी आलेले सगळे डेटाबेसवर पडतात. त्यापेक्षा भाव सेव्ह होतानाच रेडिसमध्येही लिहा. मॅक्समेमरी २५६ एमबी, पॉलिसी ऑलकीज-एलआरयू (जागा भरली की बराच वेळ न वापरलेलं आधी काढतं). सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) मात्र त्यात नको, जागा भरली की लोक लॉगआउट होतील. त्यांना वेगळं रेडिस.

उदगीरचा बाबू
लाइटचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. फ्लश लॉग ॲट कमिट (प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर पक्की करायची का, ती मायएसक्यूएलची सेटिंग) १ चं २ करा असंही कुणी सांगेल. लिहिणं हलकं होतं, पण मशीन धाडकन बंद पडली तर शेवटच्या सेकंदाभराच्या नोंदी जाऊ शकतात. इन्व्हर्टरवर भरवसा असेल तर बघा बुवा.

आडतीवरचा (लातूर)
लॉगमध्ये एकच क्वेरी भरलीय, पिकाचे आजचे भाव. 'ऑल'च येतंय. इंडेक्समध्ये (टेबलात पटकन शोधायची सूची) पीक आधी घेऊ का तारीख?

उदगीरचा बाबू
पीक आधी, तारीख नंतर; मग आठवड्याचे भाव काढतानाही तोच कामाला येतो. आणि क्वेरीत तारखेच्या कॉलमला डेट फंक्शन गुंडाळलं असेल तर काढा, नाहीतर तारखेसाठी इंडेक्स वापरलाच जात नाही. आजची तारीख सुरू होते त्या ००:०० पासून उद्याच्या ००:०० च्या आत, अशी अट लिहा.