मदत हवी आहे: वडिलांना घेऊन शिआनला, पहिल्यांदाच

नमस्कार मंडळी,

दिवाळी उरकली की नोव्हेंबरच्या मध्याला चीनमध्ये शिआनला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि माझे बाबा. बाबा सोलापूरला शाळेत इतिहास शिकवायचे. आता पंचाहत्तरी ओलांडलीय, सपाटीवर आम्हाला मागे टाकतात, पण जिने नकोत. तिघंही शाकाहारी. आम्हा दोघांना अंडं चालतं, बाबांना तेही नाही. आधी बीजिंग, तिथून रेल्वेने शिआन आणि मग तिथेच निवांत मुक्काम, असा ढोबळ बेत आहे.

मूळ हट्ट बाबांचा. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघायचेच आहेत, पण त्यांना खरी ओढ ह्युएन त्सांगची. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत असं लिहून गेला. त्याने वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे अजिंठा, असं मानतात. बाबांचं म्हणणं, तो येऊन गेला, आता आपण परतभेट द्यायला नको का?

वाचून एवढं कळलं की चांगआन म्हणजे आजचं शिआन. हान, सुई, थांग अशा घराण्यांची ही राजधानी. पण जिचे फोटो सगळे टाकतात ती तटबंदी मिंग काळातली निघाली, १३७० नंतरची. मग ह्युएन त्सांगने पाहिलेल्यातलं आज जागेवर काय उभं आहे? बाबांना नेमकं कुठे न्यावं? जेवणाचे हाल होतील का? आणि पैसे कसे द्यायचे? तिथे म्हणे रोख कुणी विचारत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. 'चीन नको, जपानला जा' हा सल्ला घरच्यांनी भरपूर दिलाय, तेव्हा तो सोडून.

प्रतिसाद – पायपीट

ताई, नोकरीमुळे मी तिथे काही काळ राहिलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबांना आधीच सांगून ठेवा: थांगांचं चांगआन जवळजवळ उरलेलं नाही. ते सुमारे ८४ चौरस किलोमीटरचं होतं. आजच्या तटबंदीचा घेर १३.७ किलोमीटर, म्हणजे आतला भाग जुन्या शहराचा एक लहान तुकडा. त्यातून बांधकाम बहुतेक लाकडी. ९०४ मध्ये झू वेन या सरदाराने बादशहाला जबरदस्तीने लोयांगला हलवलं, वाडे उतरवले आणि लाकूड नदीतून वाहून नेलं. राहिलं ते विटांचं.

म्हणून पहिला मुक्काम 'दा यान था', मोठा हंस पॅगोडा. ह्युएन त्सांग ६४५ मध्ये साडेसहाशेहून जास्त ग्रंथ घेऊन परतला. ते जपण्यासाठी ६५२ मध्ये हा बांधला. नंतर डागडुजी आणि फेरबदल झाले, आजची उंची सुमारे ६४ मीटर. आतला जिना बाबांसाठी नाही, आणि वरून दिसतात त्या नव्या इमारतीच, तेव्हा चुकवलंत तरी काही बिघडत नाही. दा त्सिअन मंदिराच्या आवारात मात्र वेळ काढा. पायथ्याशी शिलालेख आहेत, ते न बघता लोक वर पळतात. शेजारची झगमगाटी 'थांग' पेठ अगदी अलीकडची. संध्याकाळी जुन्या पद्धतीचे पोशाख घालून मुली फोटो काढत असतात. मला ती आवडली नाही, बायकोला फार आवडली.

बाबांसाठी खरी जागा वेगळी आहे: शिंगजिआओ मंदिर. शहराच्या दक्षिणेला, टॅक्सीने जावं लागतं. ह्युएन त्सांगच्या अस्थी तिथल्या स्तूपात आहेत, आजूबाजूला त्याच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप. रेशीममार्गाच्या जागतिक वारसा यादीत २०१४ पासून आहे, तरी सहलीच्या बस तिकडे फारशा वळत नाहीत. परतभेट द्यायची तर इथे.

सैनिकांचं सांगतो. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले ते लिनतोंगला, शहराच्या पूर्वेला. मेट्रोची ९ क्रमांकाची लाईन धरून हुआछिंगछीला उतरा, पुढे बस. तिकीट पासपोर्टच्या नावावर आधीच काढा. शनिवार-रविवार टाळा. आत शिरल्यावर उत्खननाचा तिसरा खड्डा आधी बघा, मग दुसरा, शेवटी पहिला. गर्दी बरोबर उलटी जाते, आणि पहिला खड्डा पाहिल्यावर बाकीचे फिके वाटतात. कांस्य रथ वेगळ्या इमारतीत आहेत, ते चुकवू नका.

शान्शी इतिहास संग्रहालय फुकट आहे, पण सोमवारी बंद, आणि आगाऊ नोंदणी बघता बघता संपते. नाही मिळाली तर जीव काढू नका. विमानतळाच्या वाटेवर हानयांगलिंग आहे, हान बादशहा चिंगची समाधी. काचेच्या फरशीवरून खाली खड्ड्यांतल्या मूर्ती दिसतात. सैनिक जेमतेम दोन फुटांचे, शिवाय डुकरं, शेळ्या, कुत्रे. मोठ्या सैनिकांपेक्षा मला हेच जवळचे वाटले. आणि गर्दी नाही.

प्रतिसाद – खमंग_पण_शाकाहारी

खाण्याचं मी सांगते. हाल होत नाहीत, विचारत राहावं लागतं एवढंच. 'मांस, मासे, अंडं, हाडांचं सूप, चरबी नको' हे चिनी लिपीत छापून जवळ ठेवा. नुसतं 'मांस नको' म्हटलं की वरचे तुकडे काढतात, रस्सा तोच.

यौपो नूडल्स मागवा. रुंद नूडल्सवर लाल तिखट आणि लसूण ठेवून वरून कडकडीत तेल ओततात. चर्रर्र आवाज आला की आपल्याच स्वयंपाकघरात फोडणी पडल्यासारखं वाटतं. लिआंगपी हा नूडल्ससारखाच प्रकार, पण थंड, व्हिनेगर-तिखटातला. खजूर घातलेला चिकट भात गोड असतो, बाबांना आवडेल. मुस्लिम मोहल्ल्यात मटणाचा वास पचवायची तयारी हवी, पण तिथली जुनी मशीद बघाच: चिनी मंदिरासारखी कौलं आणि आत अरबी अक्षरं. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी हॉटेलं सगळ्यात निर्धास्त. बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

प्रतिसाद – कोरडा_तपशील

यूपीआयवर विसंबू नका. अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची तिथली दोन्ही अ‍ॅप्स इथूनच फोनवर घ्या, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. दोनशे युआनच्या वरच्या व्यवहाराला शुल्क लागतं. थोडी रोख ठेवा, घेतात.

गूगल नकाशे आणि व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलंत तर चालतात. रेल्वेला पासपोर्ट हेच तिकीट. दहा दिवसांची व्हिसामुक्त सवलत भारतीयांना नाही, तेव्हा व्हिसा आधी, विमान नंतर. मध्य नोव्हेंबरात रात्री पारा पाच अंशांखाली जातो, हवाही धुरकट असू शकते. बाबांना दम्याचा त्रास असेल तर विचार करा.

प्रतिसाद – पायपीट

एक राहिलंच. बाबा सोलापूरचे म्हणताय, तर बीजिंगहून येताना शिजियाझुआंगला उतरा. युद्धकाळात चीनमध्ये जखमींची सेवा करणाऱ्या सोलापूरच्याच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. वेगवान गाडीने बीजिंगहून दीड तासाच्या आत, आणि शिआनला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथूनच जातात. सकाळी उतरून दुपारची पुढची गाडी धरता येते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं. कोटणीसांचं ऐकल्यावर बीजिंगमधला एक दिवस त्यांनी परस्पर कापून टाकला, नवरा अजून चीनच्या भिंतीचं काय म्हणून विचारतोय. दमा नाही, गुडघे आहेत. आता दोनच शंका: शिजियाझुआंग स्टेशनवर मोठ्या बॅगा ठेवायची सोय असते का? आणि शिंगजिआओहून परत यायला टॅक्सी मिळते, की तीच थांबवून ठेवावी लागते?

प्रतिसाद – पायपीट

मोठ्या स्टेशनांवर सामानघर असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. टॅक्सी थांबवूनच ठेवा. तासाभराचं भाडं आधी ठरवा आणि आकडा फोनवर लिहून दाखवा.