रोज पाणी घालूनही झाड मान टाकतंय, मदत हवी आहे

अंगण_नसलेली
लवकर सांगा प्लीज. दोन महिन्यांपूर्वी नर्सरीतून शोभेचं छोटं झाड आणलं. आता पानं लोळतायत, खालची तर हात लावला की देठासकट हातात येतात. रोज पाणी घालते, काल जास्तच घातलं, तरी तेच. कुठलं खत घालू? उद्या कामावर निघायच्या आधी काय ते करायचंय.

भांडुपकर
झाडाचं नाव? उजेड किती? कुंडी कसली? फोटो? आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

अंगण_नसलेली
नाव त्याने सांगितलं नाही. गोल पान, कलिंगडाच्या सालीसारखे पट्टे, देठ लाल. जेमतेम वीतभर. हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. फोटो चढतच नाहीये.

आबा_मुलुंड
एप्सम सॉल्ट. लिटरभर पाण्यात एक चमचा. माझी जास्वंद बघायला या.

रेती_खडी
हे कलिंगड पेपरोमिया. पेपरोमिया अर्जिरिया. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. पानं मांसल असतात, पाणी धरून ठेवतात. मुळं बारीक आणि तोकडी. मुंबईत जुलैमध्ये त्याला रोज पाणी कशाला? मातीत बोट खुपसून बघा. माती ओली असूनही पानं लोळत असतील तर झाड तहानलेलं नाही, मुळं कुजलीत. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरून झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि ते बघून आपण आणखी ओततो. खत आता अजिबात नको.

भांडुपकर
आबा, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं तर त्याचा उपयोग, मुळं सडल्यावर काय? कढीपत्त्यालाही तुम्ही हेच सांगितलं होतंत.

आबा_मुलुंड
आणि कढीपत्ता वाढला.

सकाळची_चहा
बेडरूममध्ये ठेवा, हवा शुद्ध होते. नासाने १९८९ मध्ये सिद्ध केलंय.

भांडुपकर
ते प्रयोग बंद पेटीत केले होते. आपल्याकडे खिडकी उघडली की हायवेची धूळ आत. आणि झाड जगलं तर हवा शुद्ध करेल ना!

केळवेकर
ताई, हे आमच्या नागवेलीचं नात्यातलं. मिरी, पिंपळी, विड्याचं पान, सगळी एकाच कुळातली. आमच्याकडे पानमळ्यात पाणी भरपूर देतात, पण साचू देत नाहीत.

सकाळची_चहा
मग हे पान खाता येतं का?

केळवेकर
विडा नाक्यावरून आणा हो.

रेती_खडी
ताई, राहिलंच. कुंडीला खाली भोक आहे ना?

अंगण_नसलेली
नाही. वाढदिवसाला मिळालेलं पांढरं सिरॅमिकचं भांडं आहे. नर्सरीचं काळं प्लास्टिक हॉलमध्ये वाईट दिसत होतं म्हणून फेकलं. बोट घातलं, चिखल आहे, वासही येतोय. आणि आत्ताच कळलं, मी विसरते म्हणून सासूबाईही संध्याकाळी पाणी घालतात.

भांडुपकर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं.

रेती_खडी
झाड आजच बाहेर काढा. मुळं पाण्याखाली हलक्या हाताने धुवा. तपकिरी आणि मऊ झालेली कापा, पांढरी, टणक ठेवा. मुळं उरली तेवढ्याच मापाची कुंडी घ्या, मोठी नको, नाहीतर माती सुकणारच नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं, उरलेल्यात परलाइट (पांढरे हलके दाणे) किंवा जाडी रेती. भोक हवंच. तुमचं पांढरं भांडं बाहेरून ठेवा, पण पाणी निथळल्यावरच आतली कुंडी त्यात परत ठेवायची. जागा खिडकीजवळची, थेट ऊन नको. वरची माती कोरडी लागली तरच पाणी, आणि ते घरातल्या एकाच माणसाने घालायचं.
विमा म्हणून एक चांगलं पान आडवं कापून, कापलेली कड ओलसर कोकोपीटमध्ये खोचा. महिना-दीड महिना उकरून बघू नका.

कुंडीतली_बाग
पानापासून केलं तर पट्टे जातात. माझे गेले.

रेती_खडी
तुमचं पिवळ्या कडांचं ऑब्ट्युसिफोलिया, म्हणजे पेपरोमियाचीच दुसरी जात असेल, त्यात नवं रोप साधं हिरवं निघतं. अर्जिरियाचे चंदेरी पट्टे येतात.

कुंडीतली_बाग
माझं कलिंगडच होतं.

रेती_खडी
मग पट्टे गेले कसे?

अंगण_नसलेली
काढलं. मुळांचा नुसता गाळ झालाय, दोन-तीनच पांढरी सापडली. श्रीखंडाच्या डब्याला तापल्या सुरीने भोकं पाडून लावलंय, रेती खालच्या बांधकामावरून आणली. तीन पानं वेगळी खोचली. सासूबाई म्हणतात रोप कोरडं दिसतंय, थोडं घालू का.

भांडुपकर
नको!!

आबा_मुलुंड
आता मुळं कापलीत तर एप्सम सॉल्ट अर्धाच चमचा.

सकाळची_चहा
ते पांढरं भांडं केवढ्याचं असेल? भेट द्यायला छान आहे.