खाडीच्या पाण्याची ‘क्षारता’ की ‘खारेपणा’?

प्रश्न: दाभोळच्या खाडीचं पाणी दर पंधरवड्याला तपासणाऱ्या मुलांसाठी नोंदवही करते आहे. एका रकान्यावर ‘क्षारता’ लिहिलं, त्याला रसायनशास्त्राच्या सरांनी हरकत घेतली. दुसरं म्हणजे, एस्चुअरीला, म्हणजे नदी समुद्राला मिळते त्या भरतीच्या मुखाला, नुसतं ‘खाडी’ चालेल का?

उत्तर: सरांचं बरोबर आहे. भूगोलात ‘सागरजलाची क्षारता’ म्हणजे मीठ, हजार भागांत साधारण ३५. पण ‘क्षार’ म्हणजे आम्लाच्या उलट, असाही अर्थ रूढ आहे. मुलं तो आकडा सामूशी, म्हणजे पीएचशी, जोडतील. शेतकरी हा घोळ करत नाहीत, त्यांची क्षारयुक्त (मीठ साठलेली) जमीन वेगळी आणि चोपण (सामू चढलेली) वेगळी. ‘लवणता’ नेमका आहे, पण धक्क्यावर कुणाच्या तोंडी नाही. तुम्ही सरळ ‘खारेपणा’ लिहा. आणि अधल्यामधल्या पाण्याला आपला ‘मचूळ’ आहेच! मत्स्यशेतीवाले ‘निमखारे’ म्हणतात, तेही चांगलं.

हा रकाना चुकला की पुढचाही चुकतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. खारेपणा माहीत नसेल तर साडेसहाचा आकडा बघून पाणी बिघडलं म्हणायचं की ठीक, हे कसं ठरवणार?

दुसरं उत्तर: ‘खाडी’बद्दल. ठाण्याचीही खाडी आणि दाभोळचीही, पण ठाण्याच्या खाडीला उल्हासचा चिंचोळा फाटाच मिळतो, नदीचं मुख्य पाणी वसईकडे जातं. दाभोळला अख्खी वाशिष्ठी येते, शिवाय कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी तिच्यात असतं. म्हणून ‘वाशिष्ठीची खाडी’ लिहा, नदीचं नाव आलं की गोडं पाणी आलंच. (हिंदीतून वाचणाऱ्या मुलांना सांगा, त्यांची ‘बंगाल की खाड़ी’ म्हणजे आपला उपसागर.)

एक रकाना मात्र वाढवा: भरती की ओहोटी, उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (लहान भरती-ओहोटी). पावसाळ्यात एकाच होडीतून दोन बाटल्या भरा, एक वरची, एक तळाची. वर गढूळ गोडं, खाली जड खारं. वेळ आणि खोली लिहिली नाही तर दोन्ही आकडे फुकट.

प्रश्नकर्ती: आभार. ‘क्षारता’ खोडलं. ‘जलगुणवत्ता संनियंत्रण’ही काढून वहीवर ‘वाशिष्ठीच्या खाडीची नोंद’ घातलं. शेवटच्या पानावर चिखलातले निवटे, कालवं आणि तिवराची नवी रोपं मोजायला जागा ठेवली आहे.