स्वादुपिंडातील आयपीएमएन (श्लेष्मा स्रवणारी गाठ) आणि आधी झालेला आतड्याचा कर्करोग : मदत हवी आहे

नमस्कार. माझे वडील (वय 67) तासगाव तालुक्यात द्राक्षशेती करतात. 2021 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांची प्रकृती चांगली आहे. यंदा मिरजेला नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली, म्हणून एमआरसीपी (स्वादुपिंड व पित्ताच्या नलिका दाखवणारा एमआरआय) केली. अहवालात ‘शाखानलिकेतील आयपीएमएन, 18 मिमी, मुख्य नलिका 3 मिमी, गाठीत उंचवटा नाही’ असे लिहिले आहे. म्हणजे मुख्य नलिकेला मिळणाऱ्या एका फाट्यात झालेली, पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ.

मुख्य नलिका 10 मिमी किंवा अधिक फुगणे, गाठीमुळे कावीळ होणे, गाठीत रक्तपुरवठा असलेला 5 मिमीचा उंचवटा दिसणे, यांपैकी काहीच नसल्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता गाठीवर लक्ष ठेवायला सांगितले आहे, आणि ते मला पटते. माझी शंका वेगळी आहे. श्लेष्मा स्रवणाऱ्या या गाठींच्या रुग्णांमध्ये मोठ्या आतड्याचा व जठराचा कर्करोग आढळल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. मात्र कर्करोगाच्या रुग्णांचे स्कॅन वारंवार होत असल्याने मुक्या (काहीच त्रास न देणाऱ्या) गाठीही सापडतात, त्यामुळे हा संबंध निदान काही अंशी तपासण्यांमुळेच दिसत असावा, असे मला वाटते. जाणकारांचे मत काय आहे? वडिलांची कोलोनोस्कोपी वेळच्या वेळी होते. जठराची दुर्बीण तपासणीही करून घ्यावी का?

मला अधिक काळजी स्वादुपिंडाचीच वाटते. आयपीएमएन असलेल्या स्वादुपिंडात त्या गाठीपासून दूर, स्वतंत्रपणे नेहमीच्या प्रकारचा कर्करोग उद्भवू शकतो. मग दर वेळी फक्त गाठीचे माप घेऊन कसे भागेल? संपूर्ण स्वादुपिंड नीट पाहिले जावे यासाठी एमआरसीपीच्या जोडीला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) कोणी करून घेतले आहे का, आणि सांगली-मिरज किंवा कोल्हापुरात त्याची सोय कुठे आहे?

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. माझ्या सख्ख्या आत्यांना पन्नाशीच्या आत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला होता. एकाच घरात आतडे आणि गर्भाशय असे कर्करोग आढळले, तर लिंच सिंड्रोमचा (अशा कर्करोगांचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा) विचार करतात, आणि वडिलांच्या आतड्यातून काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असल्यास त्यावर आजही प्राथमिक चाचणी होऊ शकते. तो ब्लॉक मागण्यासाठी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांचे पत्र लागते का, की नातेवाइकांच्या अर्जावर मिळतो? चाचणीत दोष आढळला, तर आम्हा भावंडांच्या कोलोनोस्कोपीचाही प्रश्न येईल, म्हणून हे आधी मार्गी लावायचे आहे.